वाहन बेडूक, पण पाऊस किती?

प्रति,
मा. संपादक,
स. न.

दरवर्षी मेच्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट येते: यंदा मृगाचे वाहन अमुक, आर्द्राचे तमुक, सबब पाऊस भरपूर किंवा बेताचा. चौकट आवडीने वाचली जाते, कापून देवघराशेजारी चिकटवलीही जाते. वाहन काढण्याची रीत मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, सूर्याच्या नक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकी उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा. या भागाकारात ढग कुठेच येत नाही. शिवाय वेंगुर्ल्याला आणि सोलापूरला एकच बेडूक मिळतो. काळ आहे, पण ठिकाणाचा पत्ता नाही.

तरीही नक्षत्रांना नावे ठेवण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ग्रामपंचायती, पतसंस्था, दूधसंस्था वर्षारंभी दिनदर्शिका छापतात. पुढाऱ्यांचे फोटो बदलले की एका गावची दुसऱ्या गावात खपते. त्याऐवजी प्रत्येक गावाने आपल्या शिवाराची एक दिनदर्शिका बनवावी, चावडीच्या भिंतीवर रंगवावी आणि दरवर्षी भरत जावी, एवढेच आमचे म्हणणे. ती करताना लोक कुठे चुकतात, तेही आमच्या परिचयाचे आहे. सर्वांत मोठी चूक म्हणजे तीन वेगवेगळी घड्याळे एकाच काट्याने वाचणे.

पहिले घड्याळ सूर्याचे. आपले पंचांग म्हणजे सगळे चंद्राचे, असा सार्वत्रिक समज आहे. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्यावर चालतात. सूर्य एका नक्षत्रात पावसाळ्याच्या दिवसांत साधारण चौदा दिवस राहतो. म्हणून रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, हे दरवर्षी जवळपास ठरलेले. पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा पाऊस म्हणणाऱ्यांनी वर्षाचे चौदा-चौदा दिवसांचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वभाव दिला. पडल्या मघा, नाहीतर ढगाकडे बघा. हा तुकडा महिन्यापेक्षा लहान आणि आठवड्यापेक्षा मोठा, शेतीच्या कामाला अगदी बेताचा. तो टाकून देण्यासारखा नाही.

त्यातही एक बारीक गळती आहे. नक्षत्रांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे, त्यामुळे साधारण ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, ते याच साचलेल्या फरकामुळे. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी पडत. त्या हिशेबाने तेव्हा मृग आजच्या मेच्या मध्यावर लागत असणार. हा गोंधळही निघावा म्हणून शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऋतूंना बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ शकापासून ती लागू आहे. आकाशवाणीवर आणि राजपत्रावर ती भेटते, शेताच्या बांधावर कधीच आली नाही. गावच्या भिंतीसाठी सरकत्या नक्षत्राची फार काळजी नको. पन्नास वर्षांच्या नोंदीत त्याने एक दिवसही हलत नाही.

दुसरे घड्याळ चंद्राचे. बारा चांद्रमासांचे दिवस ३५४, म्हणून तिथी दरवर्षी अकरा दिवस मागे सरते आणि अधिक मास आला की उडी मारून पुढे जाते. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला. आता समजा, एका रानफुलाची नोंद कोणी 'नागपंचमीला फुलले' अशी ठेवली. २०२२ मध्ये नागपंचमी २ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये २१ ऑगस्टला. तेच फूल २०२३ मध्येही २ ऑगस्टलाच फुलले असेल, तर वहीत लागेल 'अधिक श्रावण वद्य प्रतिपदा' आणि वाचणारा म्हणेल, यंदा फूल नागपंचमीच्या तीन आठवडे आधीच आले, हवामान बिघडले. फूल जागच्या जागी होते, फिरला तो चंद्र. निसर्ग बदलल्याच्या पुष्कळ गप्पा या एका घोटाळ्यातून निघतात.

खऱ्या अर्थाने चंद्राचे काम असते ते समुद्राकडे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. कोकणातली रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो की वद्य. हा हिशेब खुल्या किनाऱ्यासाठी, आणि तोही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. म्हणून प्रत्येक धक्क्याने आपला 'खाडीचा उशीर' एकदा घड्याळ लावून मोजावा आणि भिंतीवर लिहून ठेवावा. मोजणी उधाणाला एकदा आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, एकदा, अशी दोनदा करावी, कारण दोन्हींचा उशीर सारखा नसतो. मोठे उधाण ऐन पौर्णिमेला वा अमावास्येला न येता एक-दोन दिवसांनी येते, हेही खारबंदिस्ती, म्हणजे खारे पाणी अडवणारे बांध, सांभाळणाऱ्यांनी तिथेच मांडावे. बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, नीट करायची ती त्याआधी.

दोन घड्याळे एकमेकांना कुठे छेदतात, ते पाहायचे तर नारळी पौर्णिमा घ्या. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी, ती तारखेला बांधलेली. दर्याला नारळ जातो तो तिथीला: २०२३ मध्ये ३० ऑगस्टला, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. बंदी उठणे आणि नारळ पडणे यांतले अंतर एका वर्षी तीस दिवसांचे, दुसऱ्या वर्षी एकोणीस दिवसांचे. खवळलेल्या समुद्राला दोन्हींशी कर्तव्य नाही, तो वाऱ्यावर ठरतो.

म्हणजे तिसरे घड्याळ आले: खुणांचे. पाऊस प्रत्यक्ष केव्हा आला, पळसाला पहिले फूल केव्हा, बहावा केव्हा, काजवे केव्हा, मृगाचा मखमली किडा बांधावर केव्हा दिसला, चातक केव्हा ऐकू आला. हे घड्याळ मागेपुढे होते, आणि नेमके तेवढ्यासाठीच ते पाहायचे. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांच्या अंतराने जवळजवळ एक महिन्याची तफावत, मृग मात्र दोन्ही वर्षी आपल्या जागी. ज्याने फक्त मृग पाहून धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, केली त्याचे २०२३ मध्ये काय झाले असेल, ते सांगायला नको. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका म्हणतो तो याच कारणाने. मग हे ७५ मिलिमीटर आपल्या शिवारात पडले की नाही, ते कोण सांगणार? स्वयंचलित हवामान केंद्र असते महसूल मंडळाला एक, आणि मंडळात गावे अनेक. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. घाटमाथ्याला लागून असलेल्या तालुक्यांत एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन दिनदर्शिका लागतात, त्या अशा.

तेव्हा सुरुवात पर्जन्यमापकापासून करावी. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ज्याच्या तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंटिमीटर आहे असे ताठ काठाचे नरसाळे घ्यावे. या तोंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणून साठलेले दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. सुई काढलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने मोजता येते. मोठ्या पावसाला लिटरचे माप आहेच, १ लिटर म्हणजे १०० मिलिमीटर. पूर्वेकडच्या गावांना खाली दोन लिटरची बाटली पुरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाच लिटरचा कॅन लावावा, तो ५०० मिलिमीटरपर्यंत चालतो. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तिथे हाही कॅन उतू गेला असता.) नरसाळ्याचे तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच आणि पाणसळीने सपाट. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडून. शाळेच्या पत्र्याखाली किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीच्या कठड्याला बांधलेले मापक निम्मा पाऊस गाळते, आणि नेमके तिथेच ते बांधायची हौस असते. वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खात्याचीही तीच. साडेआठला मोजलेला आकडा त्याच दिवसाच्या तारखेसमोर लिहायचा, पाऊस आदल्या रात्रीचा असला तरी. एकाने असे आणि दुसऱ्याने तसे लिहिले की दोन गावांच्या नोंदी कधीच जुळत नाहीत. कोरड्या दिवशी जागा रिकामी न सोडता शून्य लिहावे. रिकामी जागा म्हणजे मोजले नाही. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच पावसाचा दिवस धरतात.

आता भिंत. खिळ्याला दोरी बांधून ५८.१ सेंटिमीटर त्रिज्येचा गोल काढला की परीघ ३६५ सेंटिमीटर येतो: एका दिवसाला एक सेंटिमीटर. शिंपिणीची टेप परिघावर फिरवून खुणा करता येतात, कोनमापक लागत नाही. महिने बारा सारख्या फाकींत वाटू नयेत, फेब्रुवारी आणि ऑगस्ट यांत तीन सेंटिमीटरचा फरक असतो. २९ फेब्रुवारीला वेगळे घर नको, ती नोंद २८ च्या घरात जाते. सर्वांत वर १ जून ठेवावा. त्याचे कारण पुढे येते.

आतल्या बाजूला वर्तुळे घ्यावीत, पण आत जाल तसा दिवस आकसतो हे ध्यानात ठेवावे. ३५ सेंटिमीटर त्रिज्येवर एक दिवस जेमतेम सहा मिलिमीटरचा उरतो, तिथे अक्षर मावत नाही. म्हणून जे सारखे लिहायचे ते बाहेर: परिघावर खुणा आणि पाऊस, त्याच्या आत नक्षत्रांच्या चौदा-चौदा दिवसांच्या पट्ट्या, त्याच्या आत शेतीची कामे. चंद्र अगदी आत. तो मात्र रंगवायचा नाही. काही ठिकाणी बारा चांद्रमासांची फिरती तबकडी करतात आणि दरवर्षी अकरा घरे मागे फिरवतात. ३५४ दिवस ३६५ च्या गोलात बसत नाहीत, फट उरते, आणि अधिक मासाच्या वर्षी सगळेच फसते. सोपा उपाय म्हणजे आतल्या गोलावर पत्रा ठोकावा आणि पंचांग पाहून दरवर्षी पाडव्याला अमावास्येच्या काळ्या व पौर्णिमेच्या पांढऱ्या चुंबकी टिकल्या लावाव्यात. चोवीस-पंचवीस टिकल्यांत काम होते. मधल्या तिथ्यांचे क्षय-वृद्धी भिंतीवर आणू नयेत, त्या बोटावर मोजता येतात. रंग तेलाचा, भिंत पागोळीखालची नको. पाऊस नोंदवणारी भिंत पावसानेच धुतली जाते, हे गमतीचे वाटले तरी होते.

खुणा किती घ्याव्यात? उत्साहात चाळीस ठरतात आणि आषाढात एकही पाहिली जात नाही. पाच ते सात पुष्कळ. ज्या खुणेला निश्चित क्षण आहे तीच घ्यावी. 'करवंदे पिकली' हा क्षण नव्हे, 'या जाळीत पहिले काळे करवंद' हा क्षण. कावळ्याचे घरटे किती उंचावर, हे सांगायला लोकांना आवडते. पण उंच म्हणजे किती, यावर दोघांचे एकमत होत नाही, म्हणून ती खूण सोडलेली बरी. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशाही पहिल्या हाकेसाठी कच्चा, कारण तो पाहुणा नाही, इथलाच. उन्हाळ्यात तो कधीही सुरू होतो. चातक त्या मानाने पक्का.

झाडाची खूण असेल तर प्रत्येक जातीची पाच झाडे ठरवून त्यांना नंबर द्यावेत आणि गट क्रमांक लिहून ठेवावा. एकाच फांदीवर तीन उमललेली फुले दिसली की 'फुलले' म्हणायचे, हे आधी ठरवावे. पाच तारखा आल्या की क्रमाने लावून तिसरी घ्यावी. सरासरी नको, कारण पाचांतले एखादे झाड नेहमी सांडपाण्यावर किंवा दिव्याच्या खांबाखाली असते आणि आपली वेगळीच तऱ्हा दाखवते. मधली तारीख अशा झाडाला भीक घालत नाही.

वहीत आणखी एक रकाना लागतो आणि तोच सगळीकडे गळतो: 'यापूर्वी पाहिले तेव्हा नव्हते, ती तारीख'. बहावा १८ एप्रिलला दिसला, पण त्याआधी झाडाकडे कोणी गेले होते २ एप्रिलला, तर आपल्याला कळले एवढेच की तो या सोळा दिवसांत केव्हातरी फुलला. हा रकाना नसलेल्या वह्यांत बहुतेक झाडे रविवारी फुललेली दिसतात. झाडांना वार कळत नाही, सुटी माणसांना असते. त्यावर उपाय म्हणजे पाळी ठरवून आठवड्यातून दोनदा फेरी, एक आठवडी बाजाराच्या दिवशी आणि दुसरी त्यापासून तीन दिवसांनी.

आकडेमोडीत एक खड्डा आहे. आंब्याचा पहिला मोहर एका वर्षी २७ डिसेंबरला आला आणि पुढच्या हंगामात ४ जानेवारीला. १ जानेवारीपासून दिवस मोजले तर हे होतात ३६१ आणि ४. त्यांची सरासरी १८२-१८३, म्हणजे १ जुलै. भर पावसात मोहर! १ जूनपासून मोजले तर २१० आणि २१८ येतात, सरासरी २१४, म्हणजे ३१ डिसेंबर. १ जून वर ठेवायचा तो एवढ्यासाठी. पहिली पाच वर्षे तर सरासरी काढूच नये. 'सर्वांत लवकर' आणि 'सर्वांत उशिरा' या दोन तारखांमध्ये रंगाची पट्टी ओढावी. दरवर्षी पट्टी थोडी रुंदावते आणि पाहणाऱ्याला न सांगता कळते की निसर्गाची वेळ ही रेघ नसून पट्टा आहे. कारवीसारख्या सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या झुडपासाठी कोपऱ्यात सालांची वेगळी ओळ ठेवावी; वर्षाच्या गोलात ती मावत नाही.

विहिरींची पातळीही याच भिंतीवर यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. गावानेही त्याच चार महिन्यांत मोजल्या तर ताळा करता येतो. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मीटरमध्ये, मोटर बंद करून काही तास झाल्यावर. काठावर खूण करून दरवेळी तिथूनच टेप सोडावी.

भिंतीवर काय लिहू नये, हेही ठरवावे लागते. मधाची आग्या पोळी, शिकारी पक्ष्यांची घरटी, औषधी कंदांच्या जागा वहीत राहाव्यात, वही गावाकडे. जैवविविधता कायदा २००२ मधला, त्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करावी अशी तरतूद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली, तेव्हा घाईने वह्या भरल्या गेल्या. घाईत भरलेली नोंदवही लगेच ओळखू येते: तिच्यात झाडांची नावे असतात, तारखा नसतात. ही भिंत त्या वहीचे तारखांचे पान होऊ शकते. समिती कागदावर आहेच, तिला हे काम द्यावे. मात्र छपाईचा ठेका देऊ नये. तालुक्यातल्या सगळ्या गावांत एकाच दिवशी पळस फुलल्याचे मग दिसू लागते.

शहरातल्या गृहसंकुलांनाही हे जमते. तिथे आवारातला बहावा आणि शिरीष, गच्चीवर कठड्यापासून दूर ठेवलेला पर्जन्यमापक आणि किनाऱ्यालगत असाल तर उधाणाच्या दिवसांची यादी, एवढ्यावर भागते.

आपल्या वर्तमानपत्राकडे एकच मागणे आहे. वाहनाची चौकट खुशाल छापावी, पण प्रत्येक नक्षत्र संपल्यावर त्याच जागी आणखी एक चौकट द्यावी: मृगात, म्हणजे पुढचे नक्षत्र लागेपर्यंतच्या चौदा दिवसांत, तालुक्यात प्रत्यक्ष पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये, पावसाचे दिवस किती, आणि शेजारी वाहनाचे नाव. खाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात, 'आमच्या गावात' असे लिहून. वाचक त्या भरून पाठवतील. आलेल्या आकड्यांबरोबर गावाचे नाव, मापकाची जागा आणि मोजल्याची वेळ मागवावी, आणि वेळ सकाळी साडेआठ नसेल तर तो आकडा छापू नये.

आपले,
शिवाराच्या नोंदी ठेवणारे काही वाचक